वहीची मागची पानं

बंदरावरच्या लिलावाची माझी वही
पुढून उघडली तर सुरमई, म्हाकूळ, कोलीम,
बर्फाच्या लाद्या, गाडीवानांची उधारी.
मागून उघडली तर हेमेश.

धाकटा भाऊ. एकोणनव्वद किलो.
तारखेसकट लिहिलंय, कारण संघाचा डॉक्टर दर सोमवारी विचारायचा
आणि हा मला फोन करायचा,
"गेल्या वेळी किती सांगितलेलं गं?"

हर्णैत रग्बी कुणी खेळत नाही.
इथं कबड्डी. फक्कीच्या रेषा, ट्यूबलाइटी,
पकडीत चड्डी फाटली की आठवडाभर हसू.
दापोलीच्या सामन्यात पुण्याच्या एका माणसानं
ह्याला कुणाचा तरी घोटा धरून ठेवलेला पाहिलं,
शिट्टी होऊन गेली तरी.
विचारलं, सोडत का नाहीस?
हेमेश म्हणाला, सोडायचा असतो?

मग घरात तो चेंडू आला.
आईनं हातात घेऊन फिरवून पाहिला,
"ह्याच्यावर कोण बसलं होतं?"

ओहोटीला मुरुडची पुळण पाटासारखी घट्ट होते,
तिथं पळायचा पहाटे, किल्ल्याकडं पाठ करून.
हातानं पुढं फेकायचा नाही, मला समजवायचा,
फक्त मागच्याला द्यायचा.
मग पुढं कसं जायचं?
पळत, म्हणाला, आणखी कसं.
मला ते लगेच कळलं.
होडीवरून पाटी अशीच येते, कमरेएवढ्या पाण्यात
हातातून हातात. तोंडं कुणी बघत नाही.
बोटं उघडी आहेत का, एवढंच.

पहिल्या वर्षीचा खेळाडूंचा लिलाव
आम्ही बर्फाच्या पेटीला मोबाइल टेकवून बघितला.
मी रोज घसा फोडून ओरडते ते एक वार, दोन वार
एका कोटवाल्यानं इतक्या हळू म्हटलं,
की आमच्याकडं त्याची बोंबीलसुद्धा उठली नसती.
हेमेशवर कुणी बोललं नाही.

पहिल्या फेरीत न उठलेली पाटी
सावलीत सरकवायची, वर ओला गोणपाट टाकायचा,
दुसऱ्यांदा हाक मारताना आवाज जरा चढा लावायचा.
बारा वर्षं हेच करते.
त्याच्यावर गोणपाट कोण टाकणार होतं तिकडं?

दुसऱ्या फेरीत गेला.
आकडा वहीत आहे, सांगणार नाही.
इंजिनाचा हप्ता फिटला, एवढं सांगते.

बाबा, चाळीस वर्षांचे तांडेल, वादळातून दोनदा परतलेले,
त्यांना एक सामना पुरा बघवला नाही.
एका पोरावर आठ जण पडले तसे उठले,
बाहेर ओट्यावर जाळं मांडीवर घेऊन बसले
आणि सुई न थांबवता आत ओरडले,
"उठला का?"
उठला, बाबा.
पाच मिनिटांनी पुन्हा,
"उठला का?"

वहीत पुढं खांदा आहे. नाकाचं हाड आहे.
करंगळी आहे, जी त्यानं कळवलीच नव्हती,
गणपतीत मोदक वळताना मला दिसली.
मग गुडघा. त्यापुढं दोन पानं नुसतीच औषधांची बिलं.
संघानं करार पुढं नेला नाही, पण पत्र चांगलं लिहिलंय,
शेवटी शुभेच्छा आहेत.
तेवीस वर्षांचा आहे तो.

नारळी पुनवेनंतर होड्या पाण्यात गेल्या.
हेमेश रांगेत उभा असतो, डाव्या पायावर भार देऊन,
पाटी घेतो, न बघता मागं देतो.
नवी पोरं त्याच्या शेजारची जागा धरायला भांडतात.
तो त्यांना काही शिकवत नाही.
फक्त एखाद्याची पाटी निसटली, तर
आपल्या पाटीसकट वाकून ती झेलतो,
आणि मग कुणाला दिसू नये असा गुडघा चोळतो.

आज सकाळी लिलाव संपल्यावर
मासळीच्या काट्यावर उभा राहिला, चपला काढून.
ब्याऐंशी.
एकोणनव्वद लिही, म्हणाला, सोमवारी फोन येणारे
एका नव्या संघाचा. तोवर भरून काढतो.

मी मापात खोटं लिहीत नाही,
ह्याच्यावर तर माझं बंदरात चालतं.
ब्याऐंशीच लिहिलं.
पेन्सिलीनं.